पुंगळी आणि शेजारी : मोटारीच्या आवाजाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

मराठी मुलखातल्या गॅरेजांनी एका तांत्रिक वस्तूला फार नेमका शब्द दिला आहे : पुंगळी. सायलेन्सरच्या पोटात बसवलेली, अंगभर भोकं असलेली नळी म्हणजे पुंगळी. ‘पुंगळी काढलेली गाडी’ एवढं म्हटलं की पुढचं वर्णन करावं लागत नाही. आवाज कानात आपोआप उमटतो आणि सोबत गाडीवाल्याविषयी एक मतही तयार होतं.

हा शब्द दुचाकीच्या जगातला. चारचाकीच्या जगात त्याच हौसेचं नाव ‘स्पोर्ट्स एक्झॉस्ट’. कारखान्यातून आलेली धूर सोडणारी नळी आणि सायलेन्सर काढायचा आणि त्या जागी रुंद, चकचकीत, कमी अडथळ्याची नळी बसवून घ्यायची. पहिले आठ दिवस मालक खूश असतो. मग तो गॅरेजात परततो. हमरस्त्यावर एका ठरावीक वेगाला गाडी आतून घुमते, घाटात पिकअप मिळत नाही, गाडी तापली की खालून खडखड येते, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहतो. मिस्त्री गाडी लिफ्टवर चढवतो आणि पुढून मागे एकेक सांधा तपासत जातो.

या चार तक्रारी वरवर एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटतात. पण मागच्या नळीवर सव्वाशे वर्षांत तीन कामं एकामागून एक येऊन पडली. आधी इंजिनातला वायू बाहेर नेणं, मग त्याचा आवाज दाबणं, आणि शेवटी त्यातलं विष कमी करणं. प्रत्येक काम वेगळ्या काळात, वेगळ्या दडपणाखाली आलं. आज एका कामासाठी नळी बदलली की बाकीची दोन बिघडतात. म्हणून मिस्त्रीचा हा तपास म्हणजे एका अर्थी इतिहासाचं उलट वाचन असतं. त्या वाचनात वारंवार एक पात्र भेटतं, जे गाडीत बसलेलंच नाही. ते म्हणजे शेजारी.

बहिऱ्या बापाचा मुलगा

पेट्रोल इंजिनाचा आवाज मुळात येतो कुठून? सिलिंडरमध्ये इंधन जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो आणि एक्झॉस्टची झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो वायू धाडकन बाहेर पडतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर असे धक्के सेकंदाला १०० बसतात. नळी उघडी असेल तर या सगळ्यांचा मिळून मशीनगनसारखा तडतडाट होतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या गावी, मिल्टन रीव्ह्ज यांनी १८९६ साली मोटार बांधली, तेव्हा हाच प्रश्न पुढे उभा राहिला. मिल्टन आणि त्यांचे बंधू मार्शल यांनी १८९७ साली इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या साधनाचं पेटंट मिळवलं. मोटारीच्या सायलेन्सरचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा या पेटंटापासून करतात. तत्त्व साधं होतं. अरुंद नळीतून सुसाट येणाऱ्या वायूला मोठ्या पोकळीत शिरू द्यायचं. तिथे तो पसरतो, त्याचा दाब उतरतो, धक्क्यांची धार बोथट होते, आणि मग त्याला हळूच बाहेर सोडायचं.

याच सुमारास हायरम पर्सी मॅक्सिम हा तरुण इंजिनिअर कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डमध्ये मोटारींवर काम करत होता. त्याचे वडील सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. तोफा-बंदुकांच्या सततच्या आवाजाने त्यांना बहिरेपण आलं होतं. मुलाने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. न्हाणीघरात भोवरा करत खाली उतरणारं पाणी पाहून ती कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. बंदुकीच्या वायूला गोल गोल फिरवत त्याचा वेग मारायचा, हे त्याचं सूत्र. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. बापाने जगाला दिलेल्या आवाजाचा वारसा मुलाने असा उलटा चालवला.

पण सायलेन्सर आला तसा त्याला बगल देण्याचा मार्गही आला. त्या काळचे सायलेन्सर वायूला फार अडवत आणि मुळात अशक्त असलेली इंजिनं त्यामुळे आणखी दमत. म्हणून पुष्कळ गाड्यांना ‘कटआउट’ नावाची झडप असे. चढावर चालकाने पायाने किंवा दांड्याने ती उघडली की वायू सायलेन्सरला टाळून सरळ बाहेर पडे. साधन चढासाठी होतं. वापर मात्र सपाटीवर, बाजारातून आणि लोकांच्या दारांवरून जाताना होऊ लागला, आणि अनेक शहरांना त्यावर बंदी घालावी लागली. आजच्या महागड्या गाड्यांत ‘स्पोर्ट’ लिहिलेलं बटण दाबल्यावर जी झडप उघडते, ती या कटआउटचीच पणती.

ब्रुकलँड्सचे शेजारी

इंग्लंडमध्ये रस्त्यावर मोटारी पळवण्यास वेगमर्यादेचा अडसर होता. म्हणून ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळ स्वतःच्या जमिनीवर काँक्रीटचा शर्यतमार्ग बांधला. ब्रुकलँड्स त्याचं नाव. १९०७ च्या जूनमध्ये तो खुला झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस एस. एफ. एज या चालकाने तिथे नेपियर मोटार सलग २४ तास चालवून १,५०० मैलांहून अधिक अंतर कापलं. वर्तमानपत्रांनी विक्रमाचं कौतुक केलं. आसपासच्या घरांतल्या लोकांना मात्र त्या रात्री झोप मिळाली नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. परिणाम असा झाला, की रात्रीच्या शर्यती ब्रुकलँड्सवर बंद झाल्या. फ्रान्समधल्या ल मान्सप्रमाणे २४ तासांची शर्यत इथेही व्हावी, असं आयोजकांना १९२९ साली वाटलं, तेव्हा त्यांनी एक मजेशीर तोड काढली. पहिल्या दिवशी १२ तास गाड्या पळवायच्या, रात्री त्या कुलुपात ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी उरलेले १२ तास पुऱ्या करायचे. या शर्यतीचं नावच ‘डबल ट्वेल्व्ह’ पडलं. मोटारशर्यतीच्या इतिहासातला हा एक प्रकार केवळ शेजाऱ्यांच्या झोपेमुळे जन्माला आला.

१९२० च्या दशकाच्या मध्यावर तक्रारींचा जोर पुन्हा वाढला, तेव्हा आयोजकांनी शर्यतीच्या गाड्यांनाही सायलेन्सर सक्तीचा केला. त्याचं माप आणि रचना ठरवून दिली. फुगीर डबा आणि त्याच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी चपटी, पसरट नळी. ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जाणारा हा डबा म्हणजे शर्यतवाल्यांवर लादलेली शिक्षाच होती.

आणि इथे इतिहासाने एक गमतीदार वळण घेतलं. शर्यतीतल्या गाड्यांच्या मागे ती माशाची शेपटी दिसू लागली, तशी ती वेगाची खूण बनली. ज्यांनी ब्रुकलँड्सवर कधी पाऊल टाकलं नव्हतं, तेही आपल्या साध्या गाडीला तशी शेपटी हौसेने बसवून घेऊ लागले. शांततेसाठी लादलेली वस्तू गोंगाटाच्या जगाचं भूषण ठरली. स्पोर्ट्स एक्झॉस्टच्या हौसेचं मूळ शोधायचं तर ते इथे सापडतं. माणसाला नळी हवी असते त्याहून अधिक, त्या नळीमागची शर्यत हवी असते.

पातेलं विकणारा विंचू

ही हौस धंद्यात बदलली ती इटलीत. व्हिएन्नात जन्मलेले कार्ल आबार्थ मोटरसायकलींच्या शर्यतींतून आलेले. इटलीत स्थायिक झाल्यावर ते कार्लो झाले आणि १९४९ साली त्यांनी आपली कंपनी काढली. त्यांची रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचवाचं. शर्यतीच्या गाड्या बांधायला पैसा लागतो आणि शर्यती पैसा देतातच असं नाही. तो पैसा आबार्थ यांना मिळवून दिला एका सायलेन्सरने. इटालियन भाषेत सायलेन्सरला ‘मार्मित्ता’ म्हणतात. मूळ अर्थ मोठं पातेलं.

युद्धाने खचलेल्या इटलीत सामान्य कुटुंबाला परवडणारी गाडी म्हणजे छोटी फियाट. १९५७ सालच्या फियाट ५०० चं इंजिन ५०० सीसीसुद्धा पुरतं नव्हतं. अशा गाडीच्या मालकाला शर्यतीची गाडी घेणं स्वप्नातही शक्य नव्हतं. पण काळ्या रंगाचं, चकचकीत टोकांचं आबार्थ पातेलं तो घेऊ शकत होता आणि जवळच्या गॅरेजात बसवून घेऊ शकत होता. इंजिनाची ताकद थोडी वाढे, आवाज बराच बदले. १९६२ साली या कंपनीने वर्षाला अडीच लाखांच्या आसपास सायलेन्सर बनवले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशी गेले. १९७१ मध्ये फियाटनेच ही कंपनी विकत घेतली.

आबार्थ यांच्या यशातली मेख त्यांच्या मोजमापात होती. त्यांचं पातेलं सरसकट ‘मोकळी नळी’ नव्हतं. फियाटच्या प्रत्येक मॉडेलसाठी ते वेगळं बनवलेलं असे. बाजारात नंतर आलेल्या पुष्कळ नळ्यांनी आबार्थचा आवाज उचलला आणि हे मोजमाप सोडून दिलं. गॅरेजात परतणाऱ्या तक्रारींची सुरुवात तिथून होते.

तक्रारींची उलटतपासणी

पहिली तक्रार पिकअपची. नळी जितकी रुंद तितकी ताकद अधिक, ही समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात नळीतून जाणारा वायूचा प्रत्येक धक्का आपल्यामागे कमी दाबाचा पट्टा सोडतो, आणि तो पट्टा सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू ओढून काढतो. नळी फार रुंद झाली की वायू सुस्तावतो आणि ही ओढ ढिली पडते. वरच्या फेऱ्यांना, म्हणजे शर्यतीच्या वेगाला, रुंद नळी उपयोगी पडते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीला तीच नडते.

नळी हा इंजिनाचाच एक भाग असतो, हे सर्वांत लख्ख दाखवून दिलं पूर्व जर्मनीच्या वॉल्टर काडेन यांनी. एमझेड कंपनीत काम करताना त्यांनी टू-स्ट्रोक मोटरसायकलीची नळी अशी फुगवली आणि निमुळती केली, की नळीच्या टोकाकडून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं इंधन पुन्हा सिलिंडरमध्ये लोटू लागली. १९६१ साली त्यांचा चालक एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकीकडे पोचलं. आपल्याकडे आरएक्स १०० चा जो आवाज एका पिढीच्या कानात आहे, त्या नळीच्या आकारामागे हेच शास्त्र आहे. अशा नळीत हौसेखातर दोन इंचांचा फेरफार केला, तरी इंजिनाला ते कळतं.

दुसरी तक्रार घुमण्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चार सिलिंडरची गाडी एका लयीत जात आहे आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत आहे, असं समजा. धक्के सेकंदाला सुमारे ८३. या स्वराची हवेतली लांबी सुमारे ४ मीटर, आणि तिची निम्मी लांबी जवळपास गाडीच्या अंतर्भागाएवढी. गाडीची पोकळी त्या स्वराला साथ देऊ लागते. गंमत अशी, की या घुमण्याचा बाहेर उभ्या माणसाला पत्ता नसतो. त्रास मालकाच्याच डोक्याला.

या रोगावरचं औषध एकोणिसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांत तयार झालं होतं. जॉन हर्शेल यांनी १८३३ साली सुचवलं होतं, की एक स्वर दोन वेगळ्या लांबीच्या वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र केला तर तो स्वतःलाच मारू शकतो. गेओर्ग क्विंके यांनी पुढे प्रयोगाने ते दाखवलं. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात पोकळ गोलकांनी एकेक स्वर वेगळा काढून दाखवला. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये निरुपयोगी वाटणारे जे बंद कप्पे असतात, ते हेच काम करतात. ते काढून टाकल्यावर घुमू लागलेल्या गाडीला जाणता मिस्त्री नळीच्या कडेला एक बंद तोंडाची नळी जोडतो. तिची लांबी नकोशा स्वराच्या एक चतुर्थांश ठेवतात. वरच्या उदाहरणात ती साधारण एक ते दीड मीटर भरेल. आतला वायू जितका थंड तितकी ती आखूड. तो स्वर तिच्यात शिरतो, बंद टोकावरून उलटा होऊन येतो आणि मूळ स्वराला खोडतो. बाकीचा आवाज तसाच राहतो.

तिसरी तक्रार खडखडीची, आणि ती फक्त गाडी तापल्यावर. याचं कारण धातूत आहे. साधं पोलाद तापल्यावर जितकं वाढतं, त्याच्या जवळपास दीडपट स्टेनलेस स्टील वाढतं. दोन मीटरची स्टेनलेस नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे १० मिलिमीटर लांब होते. थंड गाडीखाली बोटभर अंतर सोडून वेल्डिंग केलेली नळी तापल्यावर चासीला टेकते. मिस्त्री मग थंड गाडीत शोधतो आणि काही सापडत नाही. अशी गाडी अर्धा तास चालवून लगेच वर उचलावी लागते. नळीवर चमकदार घासल्याची खूण दिसली की जागा कळते. टांगणीचे रबर बदलून किंवा मधला लवचीक तुकडा योग्य जागी घालून काम भागतं.

नळीतलं रसायन

चौथी तक्रार पिवळ्या दिव्याची, आणि तीच सर्वांत अलीकडची. यूजीन हूड्री या फ्रान्समध्ये जन्मलेल्या रसायनतज्ज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत वायू शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर काम केलं. पण पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टरला निकामी करी. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कन्व्हर्टर सार्वत्रिक झाला तो शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच. पाठोपाठ १९७६ साली नळीतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर व्होल्वो गाडीत बसला. भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार झालं.

तेव्हापासून मागची नळी इंजिनाच्या संगणकाचं नाक बनली. सेन्सरच्या आधीच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली, तरी दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. संगणकाला वाटतं, इंधन कमी पडतंय. तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज घसरतं, पेट्रोलचा वास येतो, आणि मालक पंपाला दोष देतो. मिस्त्रीची परीक्षा साधी असते. गाडी पूर्ण थंड असताना चालू करायची आणि सांध्यांजवळ टिकटिक ऐकायची. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज नाहीसा होतो. पॅकिंगच्या कडेला काजळीची रेघ दिसली तर खात्रीच झाली.

कन्व्हर्टरच काढून टाकला असेल, तर त्याच्या मागचा दुसरा सेन्सर ते ओळखतो आणि दिवा लावतो. मग तो दिवा विझवण्यासाठी संगणकालाच फसवण्याचे उपाय निघतात. इथे तपास संपतो, कारण हा बिघाड उरलेला नसतो. दिवा खरं बोलत असतो.

कान कोणाचा?

भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो, की प्रत्येक वाहनाला प्रसरणपोकळीने किंवा अन्य प्रकारे एक्झॉस्टचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. रीव्ह्ज बंधूंची आणि ब्रुकलँड्सची ती पोकळी इथे कायद्याच्या भाषेत येऊन बसली आहे. नव्या गाडीची चाचणी होते तेव्हा मायक्रोफोन साडेसात मीटरवर, म्हणजे पदपथावरच्या माणसाच्या जागी ठेवतात. चालकाच्या कानाशी ठेवत नाहीत. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचं प्रमाण मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला आहे. दृश्य परिणामकारक असतं. पण जिथे दंड कानाच्या अंदाजाने होतो, तिथे नीट मोजून बसवलेली नळी आणि पुंगळी काढलेला डबा एकाच रोलरखाली जातात. आणि तो डबा बनवणारा, विकणारा बहुतेकदा रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत असतो.

आवाज आपला आहे, असं गाडीवाल्याला मनापासून वाटतं. हार्ली-डेव्हिडसन कंपनीने तर १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजावर ट्रेडमार्क मागितला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि २००० साली कंपनीने अर्ज मागे घेतला. आवाजावर हक्क सांगणारे पुष्कळ निघतात. त्याची जबाबदारी घेणारा मात्र शोधावा लागतो.

आता विजेच्या गाड्यांना मागची नळीच नाही. तरीही २०२२ साली डॉज कंपनीने आपल्या विजेवरच्या गाडीसाठी कृत्रिम एक्झॉस्टचा आवाज जाहीर केला. त्याआधी २०११ च्या बीएमडब्ल्यू एम ५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवण्याची सोय झालीच होती. वायू गेला, विष गेलं, आणि तरी आवाजाची हौस उरली. म्हणजे ती इंजिनाची गरज कधी नव्हतीच. ती माणसाची होती. तिला खुशाल जागा द्यावी. स्पीकर गाडीच्या आत असला, तर तक्रार कोणाचीच नाही. तो बाहेरच्या बाजूला बसवला, की वेब्रिजच्या त्या जागत्या शेजाऱ्यांचा खटला पुन्हा उभा राहतो, आणि त्याचा निकाल १९०७ इतकाच आजही सोपा आहे : रात्री झोपण्याचा हक्क आधी, शर्यत नंतर.